दोन रंगांची एकच अळी

इंदूरजवळच्या आमच्या वडिलोपार्जित शेतातील हरभरा घाट्यांवर आला, की बटाईदार आम्हांस पाहणीस बोलावतो. इकडे अळीला ‘इल्ली’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्याने तळहातावर दोन इल्ल्या ठेवून विचारले, ‘‘बाबूजी, ही एकच जात की दोन?’’ एक हिरवीगार होती, दुसरी तपकिरी. आम्ही पदवीधर, सरकारी नोकरीत उभा जन्म घालविलेले. ‘दोन’ म्हणून मोकळे झालो. त्याने दोन निरनिराळी औषधे आणून फवारली. खर्च दुप्पट झाला, घाट्यांना भोके पडायची ती पडलीच, आणि बटाईच्या रीतीप्रमाणे निम्मा खर्च त्याच्या माथी बसला.

ही गोष्ट मनास लागून राहिली. पुढल्या हंगामात आम्ही दोन्ही रंगांच्या अळ्या एका बरणीत ठेवल्या. सकाळी एकच उरली होती; या अळ्या एकमेकींना खातात. मग स्वतंत्र बरण्या घेतल्या, तळाशी माती घातली. अळ्या मातीत शिरून कोषात गेल्या आणि यथावकाश दोन्ही बरण्यांतून एकाच जातीचे पतंग निघाले. पुढील पंख पिवळसर तपकिरी, त्यांवर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग. मागील पंख फिकट, पण त्यांची बाहेरची कड रुंद व काळसर.

हीच हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्यावर तिला घाटे अळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, कापसावर अमेरिकन बोंडअळी. नावे पिकागणिक बदलतात, कीड एकच. म्हणून रंगावर जाऊ नये. पूर्ण वाढलेली अळी सुमारे चार सेंटिमीटर लांब असते, तिच्या दोन्ही कुशींवर फिकट तुटक रेषा असतात, आणि डोके घाट्यात खुपसून अर्धे अंग बाहेर ठेवून ती खाते. तिची अंडी सुटी, एकेक आढळतात. केसाळ आवरणाखाली अंड्यांचा पुंजका दिसला, तर ती तंबाखूची पाने खाणारी अळी समजावी. हा भेद जाणणे अगत्याचे आहे. कारण घाटे अळीस मारणारा एचएएनपीव्ही हा विषाणू त्या दुसऱ्या अळीवर चालत नाही.

दोन्ही पतंग आम्ही बटाईदारास दाखविले आणि त्याच्या वाट्याचे औषधाचे पैसे परत केले. तो संकोचला, पैसे मात्र त्याने घेतले, हे बरे झाले. आता त्याने तळहात पुढे केला, की उत्तर देण्याआधी आम्ही बरणी मागतो.