रेल्वेची मोटार

आमच्या भालकीकडची जुनी माणसे बसला ‘रेल्वेची मोटार’ म्हणत. नव्या पिढीला याची गंमत वाटते. पण शब्द अगदी नेमका आहे. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेनेच २७ गाड्या आणि १६६ नोकर यांनिशी रस्ता वाहतुकीचे खाते काढले होते. रूळ आणि रस्ता एकाच घरचे!

१ नोव्हेंबर १९५१ रोजी हे खाते हैदराबाद सरकारकडे आले आणि बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला, ते राज्यच मोडले. तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबईत, बीदर-गुलबर्गा म्हैसुरात. माणसांबरोबर गाड्यांचीही वाटणी झाली. माझी आत्या उदगीरला दिलेली. भालकीहून उदगीर ते केवढे! पण एका रात्रीत तिचे माहेर परराज्यात गेले.

त्या १९३२ च्या गाड्यांपैकी एक हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे. ग्लासगोच्या आल्बियन कारखान्याची. तो कारखानाही १९५१ सालीच लेलँडने घेतला. मध्यंतरी शाळेची सहल तिथे नेली होती. तिकडच्या सरकारी गाड्यांच्या क्रमांकातला ‘झेड’ निजामाच्या मातोश्री झेहरा बेगम यांच्या नावावरून आला, असे सांगतात. मुलांना ते फार आवडले.

एकाने विचारले, “सर, मग आपल्या वाटणीची गाडी कुठं आहे?”

म्हटले, “मराठवाड्याची १९६१ साली महाराष्ट्राच्या एस.टी.त गेली. आपली म्हैसूरकडे.”

“म्हणजे भंगारात,” तो म्हणाला.