खामगांव : कापूस, तार आणि हुकूम

बुलढाणा जिल्ह्यांत जलंबहून खामगांवास गेलेला रेल्वेचा फांटा जेमतेम आठ मैलांचा. १८७० सालीं त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनें आले होते. एवढ्याशा रुळांसाठीं एवढे मोठे साहेब कां, असें वाचकांस वाटेल. तर तें कापसाकरितां. त्याच वर्षीं सुवेझमार्गें मुंबई-लंडन समुद्रतार जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव आगबोटीच्या टपालाची वाट न पाहतां कळूं लागला.

तार आली, तशी ती अडविण्याची सत्ताही आली. १८८५ च्या तार-कायद्याच्या पांचव्या कलमानें सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं निरोप रोखण्याचा अधिकार सरकारास दिला. इंग्रज गेले, कलम राहिलें. त्याच कायद्याखालीं २०१७ सालीं इंटरनेट बंद करण्याचे नियम झाले. मे २०२३ मध्यें शेजारच्या अकोल्यांत समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दंगल उसळली, तेव्हां तेथील इंटरनेट बंद झालें. अफवेस आळा बसावा हा हेतु आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अफवा पायींही चालते. तिला खोडून काढणारी बातमी मात्र अडकून पडते, आणि तिच्याबरोबर बाजारभाव व पैशाची देवघेवही.

बेमुदत बंदी चालणार नाहीं, हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२० मध्यें सांगितलें. २०२४ च्या नव्या नियमांत एका हुकुमाची कमाल मुदत पंधरा दिवसांची आहे. कापसाच्या हंगामांत पंधरा दिवस! खामगांवच्या बाजारांत हें सांगतांच एका आडत्यानें आम्हांस विचारलें, "हुकूम इंटरनेटवर छापला, तर आम्हीं तो वाचावा कोठें?"