प्लाझाचा रात्रीचा खेळ

1986 साली मी या शाळेत सहावीत होतो. पहिल्याच महिन्यात घरी पत्र टाकलं, ‘मला इथून घेऊन जा.’

आठवड्याभरात आबा आले. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला ते हवालदार होते. रात्रभर बसमध्ये बसून आलेले, तरी दाढी घोटलेली, बूट चकाचक. रात्रीपर्यंतची खास परवानगी काढून ते मला महात्मा गांधी रोडवर घेऊन गेले. जुने बंगळूरकर त्याला साउथ परेड म्हणत. एका अंगाला परेड ग्राउंड, त्याच्या कडेनं झाडं आणि बोगनवेल; दुकानं सगळी समोरच्या बाजूला.

इंडिया कॉफी हाऊसमध्ये बसलो. वेटरच्या डोक्यावर तुऱ्याचा पांढरा फेटा, कमरेला रुंद पट्टा. आबा हळूच म्हणाले, “टर्नआउट बघ लेका! आमच्या क्वार्टर गार्डला शोभेल.” मसाला डोसा झाला, कॉफी झाली. पत्राबद्दल अवाक्षर नाही.

मग चर्च स्ट्रीटवरचं प्रीमियर बुकशॉप. तिथं पुस्तकं मांडलेली नव्हती, रचलेली होती. एक ओढावं तर दहा अंगावर येतील अशी. आबांनी मला नकाशांचं पुस्तक घेऊन दिलं आणि तिथंच उभ्या उभ्या बेळगाव शोधायला लावलं. मग बंगळूरपासून तिथपर्यंत बोट ठेवून म्हणाले, “एवढंच तर आहे.”

रात्री प्लाझा. 1936 सालच्या त्या थिएटरात इंग्रजी सिनेमे लागत. आबांना इंग्रजी येत नव्हतं; लोक हसले की तेही हसायचे, जरा उशिरानं. खेळ सुटला तरी रस्ता जागाच होता. पाट्यांचे दिवे, रिक्षावाल्यांच्या हाका, बाहेर रेंगाळणारी कुटुंबं. आम्ही कॅडेट रविवारी दुपारी फिरून संध्याकाळच्या आत परतणारे. हा रस्ता असा कधी पाहिलाच नव्हता.

फाटकाशी आबा एवढंच म्हणाले, “पत्र मिळालं. आईला दाखवलं नाही.” मी राहिलो.

आता माझा मुलगा याच शाळेत आहे. गेल्या महिन्यात त्याचा तसाच फोन आला. मी गाडी पकडली. पण त्याला न्यायचं कुठं? प्लाझाची जागा मेट्रो स्टेशनसाठी गेली. झाडांच्या जागी 2011 पासून डोक्यावरून मेट्रो धावते. प्रीमियर 2009 साली बंद झालं. कॉफी हाऊसही त्याच वर्षी तिथून उठलं. आबाही राहिले नाहीत. खरं सांगतो, त्या रस्त्यावर उभा राहून मला रागच आला.

कॉफी हाऊस चर्च स्ट्रीटवर गेलंय असं कळलं. तिथं फेटे तेच. पोरानं दोन डोसे संपवले आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही काही विचारत का नाही?”

“कॉफी संपव. मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन येऊ.”

परत आल्यावर तो फाटकातून मागं न वळता आत गेला. मी समोरच्या चहावाल्यापाशी अर्धा तास उभा होतो. प्लाझाचा खेळ मध्यरात्रीच्या सुमारास सुटला होता. त्यानंतर आबा कुठं गेले, बेळगावची बस त्यांना कधी मिळाली, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.