हॉलसाहेबांची शेवटची फेरी

प्रिय बाळ,

तुझं पत्र पोचलं. पाळक म्हणून पहिलीच नेमणूक, तीही सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि मंडळी पाड्यापाड्यांत विखुरलेली. आजी असती तर तिने सगळ्या गल्लीला पेढे वाटले असते.

तरुण संघापुढे जुन्या काळच्या एखाद्या फिरत्या उपदेशकाची गोष्ट सांगायची आहे, कोणाची सांगू, असं तू विचारलं आहेस. नारायण वामन टिळकांची सगळेच सांगतात आणि सांगावीच. पण तू या वेळी गॉर्डन हॉलची सांग. आपल्याकडे त्याचं नाव घेतात ते ‘पहिला अमेरिकन मिशनरी’ एवढ्यापुरतंच. तो फिरायचा कसा, आणि गेला कसा, हे कोणी सांगत नाही.

हॉलचा जन्म 1784 चा, मॅसॅच्युसेट्समधला. कनेटिकटच्या एका मंडळीने त्याला बोलावलं होतं, घरदार करून स्वस्थ राहता आलं असतं. त्याने नाही म्हटलं. 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम गावात पाच तरुणांना परदेशातल्या सेवेची दीक्षा मिळाली, त्यांतला तो एक. निघण्यापूर्वी फिलाडेल्फियात थोडं वैद्यकही शिकून घेतलं. हे लक्षात ठेव, पुढे लागेल. कलकत्त्याला उतरताच कंपनी सरकारने निघून जाण्याचा हुकूम काढला. 1813 च्या फेब्रुवारीत हॉल आणि त्याचा सोबती नॉट मुंबईला आले, तर इथेही तेच. इंग्लंडला परत पाठवायचं ठरलं. हॉलने गव्हर्नर नेपियनला विनवण्या केल्या, आपली बाजू कळकळीने लिहून मांडली. मध्येच दोघं परवानगीशिवाय कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना परत आणलं. अखेर राहायची मुभा मिळाली.

मग सुरू झालं ते खरं काम, आणि ते फार संथ होतं. आधी मराठी शिकायची. मग रस्त्यात, बाजारात, देवळाच्या आवारात, जिथे चार माणसं थांबतील तिथे बोलायचं. लोक ऐकायचे, वाद घालायचे, निघून जायचे. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे इतके थोडे की अमेरिकेतल्या देणगीदारांना काय कळवायचं, असा प्रश्न पडावा. नॉट आजारपणामुळे 1815 मध्ये परतला. दुसरा सोबती न्यूवेल 1821 च्या मे महिन्यात पटकीने गेला. 1825 मध्ये पत्नी मुलांच्या तब्येतीसाठी दोन लहानग्यांना घेऊन अमेरिकेला निघाली, त्यांतला एक मुलगा समुद्रातच वारला. हॉल मुंबईतच राहिला.

तुझ्या श्रोत्यांत कोणी विचारील, एवढं करून हाती काय लागलं? त्याला मिशनच्या शाळा आणि छापखाना सांग. 1817 मध्ये या छापखान्यातून मराठी छपाई सुरू झाली. छापायचं होतं शुभवर्तमान, पण तिथे खिळे जुळवायला आणि यंत्र चालवायला आपली माणसं शिकली. घरच्या घरी छापखाना उभारून पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी तिथलेच, आणि निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजीही पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यातच कामाला लागले. म्हणजे हॉल ज्यांच्या पोथ्यांविरुद्ध बोलत होता, त्या पोथ्या पुढे उत्तम टायपात घरोघर गेल्या त्या याच हातांनी. मला याचा मनापासून आनंद वाटतो. देवाचं काम आपल्या हिशेबाने चालत नाही.

एक गोष्ट मात्र झाकू नकोस. त्या काळच्या मिशनऱ्यांनी आपल्या पूर्वजांच्या देवधर्माबद्दल जे लिहिलं, ते वाचताना मला बोचतं. हॉलही त्याला अपवाद नाही. ज्या माणसांत तो रोज वावरत होता, त्यांच्या भक्तीत त्याला अंधाराशिवाय काही दिसलं नाही. ही त्याची उणीव होती आणि ती उणीवच म्हणायची. तू ज्यांच्या दारात जाणार आहेस, त्यांचे देव त्यांनी प्रेमाने सांभाळले आहेत. त्यांच्याशी बोलताना हे विसरू नकोस.

आता शेवटची फेरी. 1826 च्या मार्चच्या आरंभी हॉल मुंबईहून नाशिकला निघाला, सोबत मिशनमधली दोन तरुण मुलं. वाटेत गावोगाव थांबायचं, बोलायचं, पुस्तकं वाटायची. नाशिकला पोचले तर शहरात पटकी थैमान घालत होती, दिवसाला माणसं शेकड्यांनी मरत होती. पुस्तकांचा गठ्ठा ठेवून त्याच दिवशी मागे फिरला असता तरी कोणी दोष दिला नसता. पटकी काय करते हे त्याने न्यूवेलच्या वेळी पाहिलं होतं. पण तो राहिला. घरोघर जाऊन आजाऱ्यांना औषध दिलं, मरणाऱ्यांशी बोलला, पुस्तकंही वाटली. औषध आणि पुस्तकं संपत आली तेव्हा कुठे परत निघाला.

19 मार्चच्या रात्री ते वाटेवरच्या दापूर गावी पोचले आणि देवळाच्या ओसरीवर पथारी टाकली. तिथे आधीच पटकीचे रोगी होते, एक तर अगदी शेवटच्या घटका मोजत होता. हॉल त्यांच्याशेजारीच झोपला. पहाटे चारला पुढच्या वाटेसाठी उठला तोच पोटात पेटके आले आणि तो कोसळला. उरलंसुरलं औषध घेतलं, ते पोटात ठरलं नाही. आपण वाचत नाही हे त्याने त्या मुलांना सांगितलं. आपल्या वस्तूंचं काय करायचं, देह कसा ठेवायचा, तेही सांगितलं. पत्नीसाठी, मुलांसाठी, मुंबईतल्या सोबत्यांसाठी प्रार्थना केली. दुपारपर्यंत सगळं संपलं. वय एक्केचाळीस.

त्या काळी पटकीवर अफूचा अर्क आणि पाऱ्याचं कॅलोमेल द्यायचे. त्याने फारसं कोणी वाचत नसे, कारण माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. आज मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतात. म्हणून तुला आग्रहाने सांगतो, पाड्यावर जाताना पवित्र शास्त्राबरोबर ओआरएसची पाकिटं घे, आणि आशाताईंकडून ती कशी कालवायची हे नीट शिकून घे. पावसाळ्यात लागतील. घरात कोणी जुलाबाने निपचित पडलं असेल तर त्या दिवशी उपदेश करू नकोस, पाणी पाज आणि दवाखान्यात ने.

आणि गोष्ट सांगताना त्या दोन मुलांवर थांब. परक्या गावात, पटकीच्या दिवसांत, जवळ वडीलधारं कोणी नाही. त्यांनी त्याला घोंगडीत गुंडाळलं, खड्डा मिळवला, शवपेटीशिवाय पुरलं आणि मुंबईला जाऊन निरोप पोचवला. हॉलचा शेवट आपल्याला माहीत आहे तो त्यांच्यामुळे. त्या मुलांएवढीच तुझ्या तरुण संघातली मुलं असतील. त्यांना ही गोष्ट त्या दोघांच्या बाजूने सांग.

कळावे. प्रकृतीला जप, पत्र लिही.

तुझा,
मामा