कौल आणि लादी

गेल्या श्रावणात आमची आई माजघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. दोष तिच्या पायांचा नव्हता, माझ्या हौसेचा होता. चार वर्षांपूर्वी जुनी शहाबादी काढून तिथे आरशासारख्या चकचकीत लाद्या मीच बसवल्या होत्या. चिंचणीला समुद्र हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात खारी ओल घरभर हिंडते. मी लादीवरची नक्षी तेवढी पाहिली, ओल पाहिली नाही.

यंदा त्या लाद्या उखडल्या. एकही धड निघाली नाही. परसातल्या ढिगाऱ्याकडे पाठ करून मिस्त्री म्हणाला, "मास्तर, आता छपराचीही कौले उतरवा. स्लॅब टाकू."

शाकारणीसाठी उतरवलेले एक मंगलोरी कौल मी हातात घेतले. बासेल मिशनच्या प्लेब्स्टसाहेबाने १८६५ साली मंगळूरला, नेत्रावतीकाठच्या चिकणमातीतून, अशा कौलांचा कारखाना काढला. कौलाच्या कडांना खाचा. एक कौल दुसऱ्यात अडकते आणि पाठीमागच्या नाकाने रिपेवर बसते. फुटले तर तेवढेच बदलावे. आई लग्न होऊन या घरात आली, तेव्हाची कौले आजही उतरतात आणि पुन्हा चढतात. सौंदर्य म्हणतात ते बहुधा त्या खाचेतच असावे!

कौल अगदी सोवळे आहे असे मात्र नव्हे. त्याच्या भट्ट्यांनीही पुष्कळ लाकूड खाल्ले. पण लादीला आच लागते ती सुमारे १२०० अंशांची. गुजरातेत मोरबीला देशातल्या बहुतेक लाद्या भाजतात. तिथले कोळशापासून वायू करणारे संच बंद करा, असा हुकूम राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये दिला आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. त्यांनी इंधन बदलले. पण एवढ्या आगीतून निघालेली वस्तू चार वर्षांत ढिगाऱ्यात टाकणारा मी, माझे काय?

आई खाटेवर पडून काचेच्या कौलातून उतरलेला कवडसा पाहत होती. म्हणाली, "अरे, स्लॅब टाकलास तर हा यायचा कुठून?"

मी मिस्त्रीला कौले पुन्हा चढवायला सांगितले. जमिनीसाठी त्याने खरबरीत लाद्यांचे नमुने आणले. त्यांतला एक मी अंगणात ठेवला, त्यावर तांब्याभर पाणी ओतले आणि चपला काढून त्यावर उभा राहिलो. आई खिडकीतून पाहत होती. ती काही बोलली नाही. पण बऱ्याच दिवसांनी हसली.