नळी डावीकडे की उजवीकडे

पातळ पत्र्याची चौकोनी नळी उभी करून वरून जोरात दाबली, की ती घड्या पडत चेपत जाते. मोटारीच्या पुढच्या भागात अशा नळ्या मुद्दाम बसवतात, म्हणजे टकरीची ऊर्जा पत्रा गिळतो आणि आतल्या माणसांपर्यंत कमी पोचते. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिचं सॉफ्टवेअर ही टक्कर संगणकावर घडवतं. वेळेचे अगदी बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात पत्र्यावरचा प्रत्येक बिंदू कुठे सरकला ते काढायचं. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात संपणाऱ्या टकरीचे लाखभर टप्पे सहज होतात.

ग्राहक एआरएम प्रोसेसरचे सर्व्हर घेऊ लागले आणि आमचा कोड त्यांच्यावर चालवून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तोवर सगळा कारभार इंटेल-एएमडीच्या एक्स-८६ घराण्यावर चालला होता. कोड बिनतक्रार कंपाइल झाला. नळीची चाचणी लावली, तर एक्स-८६वर पहिली घडी डावीकडे पडली होती आणि एआरएमवर उजवीकडे.

भौतिकशास्त्राला दोन्ही उत्तरं मान्य आहेत. नळी पूर्ण सममित असेल, तर ती कोणत्या अंगाला कलेल हे समीकरणं सांगत नाहीत. शेवटच्या अंकातली कणभर तफावत ते ठरवते आणि पुढच्या टप्प्यांत ती तफावत फुगत जाते. त्यामुळे बैठकीत सूर निघाला तो असा: टॉलरन्स वाढवा, दोन्ही उत्तरं पास धरा, पुढच्या कामाला लागा. मी विरोध केला. फरक कुठून आला हे कळण्याआधी टॉलरन्स वाढवला, तर उद्या एखादा खरा दोषही त्याच मापात बसेल आणि तो दोष आहे हे कुणाला कळणारही नाही. मला वेळ मिळाला, पण कुरकुरत.

फ्लोटिंग पॉइंट म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, प्रत्येक मशीनवर थोडं वेगळं येणारच, असं अनुभवी लोकही म्हणतात. १९७०च्या दशकात ते खरं होतं. तेव्हा आयबीएमची मोठी यंत्रं सोळाच्या पायावर मोजायची, इतरांचे पाये आणि राउंडिंगचे नियम निराळे असायचे. मग बर्कलेचे विल्यम कहान इंटेलच्या ८०८७ या गणिती चिपच्या कामात आले, ती चिप १९८० साली बाजारात आली आणि १९८५ साली आय-ट्रिपल-ई ७५४ हे मानक ठरलं. कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो याच क्षेत्रातल्या कामासाठी. मानकाचा गाभा एका वाक्यात मावतो: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचं उत्तर जणू अनंत अंकांपर्यंत अचूक काढलं आहे असं धरायचं आणि मग एकदाच राउंड करायचं. हा नियम पाळणाऱ्या कोणत्याही दोन यंत्रांवर या पाच क्रियांचं उत्तर शेवटच्या बिटापर्यंत एकच यायला हवं, आणि येतंच. एक्स-८६ आणि एआरएम दोन्ही तो पाळतात. म्हणजे तफावत दुसरीकडूनच येत होती.

ती शोधायला प्रत्येक टप्प्यानंतर सगळे आकडे फाइलमध्ये उतरवले. ते सोळाच्या पायावर, कारण दशांशात कमी अंक छापले की फरक छापतानाच गळून पडतो. दोन फाइली ताडून पाहिल्या आणि जिथे पहिला बिट हलला होता त्या एका ओळीपर्यंत पोचले. दोन गुणाकारांची वजाबाकी करणारी साधी ओळ होती. तिचं असेंब्ली काढलं. एक्स-८६वर दोन गुणाकार आणि एक वजाबाकी अशा तीन सुट्या सूचना होत्या. एआरएमवर दोनच, आणि त्यातली एक गुणाकार व वजाबाकी एका दमात उरकणारी.

या जोडसूचनेला एफएमए म्हणतात. आयबीएमने ती १९९० च्या सुमारास आपल्या प्रोसेसरमध्ये आणली, मानकात ती २००८ साली आली. ती काय करते हे तीन अंकी संख्यांत छान दिसतं. समजा आपल्याकडे तीनच अंक ठेवायची सोय आहे आणि क्ष व य दोन्ही १.२३ आहेत. क्ष-वर्ग वजा य-वर्ग काढायचं. १.२३ चा वर्ग १.५१२९, राउंड करून १.५१. सुट्या सूचनांनी १.५१ मधून १.५१ गेले, शून्य राहिलं. एफएमएने मात्र य-वर्ग राउंड होऊन १.५१ होतो आणि क्ष-वर्ग राउंड न होता १.५१२९ राहतो, त्यामुळे उत्तर येतं ०.००२९. कंपायलरने जोडी उलटी लावली तर उणे ०.००२९. पुढच्या ओळीत त्याचं वर्गमूळ असेल, तर हातात 'नॅन' पडतो, म्हणजे संख्याच नाही असा निरोप.

एफएमएला मी दोष देत नाही. राउंडिंग एकदाच होत असल्याने बहुतेक वेळा तीच जास्त अचूक असते. माझी हरकत होती ती कोड लिहिणाऱ्याला न विचारता जोडी लावण्याला. जीसीसी कंपायलर नेहमीच्या सेटिंगमध्ये ही मुभा स्वतःच घेतो. एक्स-८६च्या मूळ सूचनासंचात एफएमए नाही म्हणून तिथे ती वापरली जात नाही, ६४-बिट एआरएमवर ती पहिल्यापासून आहे म्हणून तिथे वापरली जाते. एफपी-काँट्रॅक्ट हा फ्लॅग ऑफ केला आणि नळी दोन्हीकडे डावीकडे वळली. वेग थोडा गेला. जिथे एफएमए खरंच हवी होती तिथे ती नाव घेऊन लिहिली. तशी लिहिली की तिचंही उत्तर सगळीकडे एकच येतं.

पण लांबच्या चाचण्या अजून जुळत नव्हत्या. आता पाळी लायब्ररीची होती. साइन, घातांक, लॉगरिदम यांची हमी मानक देत नाही. त्यांचं खरं मूल्य कधीकधी दोन मावणाऱ्या संख्यांच्या जवळपास अगदी मध्यावर पडतं आणि कुठे झुकायचं हे कळायला किती अंक काढावे लागतील ते आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक लायब्ररी आपापल्या परीने तडजोड करते. लिनक्सची जीलिबसी तर चालू होताना प्रोसेसर पाहून यातल्या काही फंक्शनांची एफएमएवाली किंवा बिनएफएमएची आवृत्ती निवडते, त्यामुळे दोन एक्स-८६ यंत्रांतही, एक जुनं आणि एक नवं असेल तर, शेवटचा बिट हलू शकतो. हे अनेकांना पटत नाही, मला दाखवून द्यावं लागलं.

इथे धीर मिळाला तो सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या अनुभवातून. एलएचसी-अॅट-होम या प्रकल्पात लोक आपल्या घरचे संगणक सर्नला गणितासाठी देतात. त्यांची सिक्सट्रॅक ही प्रणाली कणत्वरकात फिरणारा प्रोटॉन कित्येक लाख फेऱ्यांत कुठे भरकटतो ते काढायची. कुठल्या घरात विंडोज, कुठे लिनक्स. एकच गणित वेगवेगळ्या यंत्रांवर करून उत्तरं ताडून पाहायची, म्हणजे उत्तर बिटाबिटाने जुळायलाच हवं. त्यांनी फ्रान्सात लियोंला तयार झालेली सीआर-लिबएम ही अचूक राउंडिंगची लायब्ररी वापरली. आम्ही त्याच परंपरेतल्या कोअर-मॅथची फंक्शनं घेतली आणि स्वतःच्या बिल्डमध्ये बांधून टाकली, ऑपरेटिंग सिस्टिमवर काही सोडलं नाही.

मग उरल्या एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडच्या बेरजा. ते काम कंटाळवाणं होतं, त्यावर फार लिहीत नाही. बेरजेचा क्रम बदलला की राउंडिंग बदलतं, म्हणून क्रम कायमचा ठरवून दिला. एका बाहेरच्या मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये फास्ट-मॅथचा फ्लॅग सापडला, तो काढला. हा फ्लॅग कंपायलरला बीजगणिताच्या नावाखाली क्रम हवा तसा फिरवू देतो. नवख्या मुलांना तो वेगाचा जादूचा फ्लॅग म्हणून शिकवला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

यानंतर सगळी मॉडेल्स जुळली, मोटारीच्या दाराचं एक सोडून. त्याचा फरक शेवटच्या बिटाचा नव्हताच. दाराच्या जाळीत एक त्रिकोण असा होता, की त्याची दोन टोकं एकाच जागी आली होती. क्षेत्रफळ शून्य, म्हणून शून्य भागिले शून्य, म्हणून नॅन. कोणता बिंदू कोणत्या पत्र्याला टेकतो ते शोधायला आमचा कोड जागेच्या क्रमांकित चौकटी पाडतो, आणि हा नॅन चौकटीचा क्रमांक म्हणून पूर्णांकात बदलला जात होता. सी भाषेत अशा बदलाला अर्थच नाही, प्रोसेसर देईल ते घ्यायचं. एक्स-८६ देतो उणे २१४७४८३६४८. एआरएम देतो शून्य. आमच्या जुन्या कोडमध्ये ऋण क्रमांकाला चौकटीबाहेरचा समजून सोडून द्यायची तपासणी होती, त्यामुळे एक्स-८६वर तो बिंदू टकरीतून गुपचूप बाद व्हायचा आणि तिथे एक पत्रा दुसऱ्याच्या आरपार जायचा. एआरएमवर तो शून्य क्रमांकाच्या, म्हणजे भलत्याच कोपऱ्यातल्या चौकटीत जाऊन पडायचा. दोन्ही उत्तरं चूक होती आणि एक्स-८६चं उत्तर कित्येक वर्षं बरोबर समजून वापरलं जात होतं.

दाराच्या मॉडेलमधला हा फरक वाढवलेल्या टॉलरन्समध्ये आरामात बसला असता. मी मोजून पाहिला आणि तो आकडा बैठकीत ठेवला. त्यानंतर टॉलरन्सचा विषय कुणी काढला नाही. आता रोज रात्री दोन्ही घराण्यांच्या यंत्रांवर चाचण्या चालतात आणि निकालांचे हॅश ताडून पाहिले जातात. एक बिट हलला तरी बिल्ड लाल होतं.

सध्या ग्राफिक्स कार्डांवर हेच करायचं चाललं आहे. तिथे हजारो थ्रेड एकाच जागी बेरीज टाकतात आणि जो आधी पोचेल त्याची आधी होते, म्हणजे त्याच कार्डावर दोनदा चालवलं तरी उत्तर हलतं. संपर्कबलांची बेरीज आम्ही पूर्णांकांत करून पाहतो आहोत, कारण पूर्णांकांच्या बेरजेला क्रमाचा फरक पडत नाही. मात्र कोणत्या पट्टीने गुणून पूर्णांक करायचे ते प्रत्येक मॉडेलसाठी ठरवावं लागतं आणि दाराच्या मॉडेलला ती पट्टी अजून बसलेली नाही.