बोटभर मासोळीची गंमत

वाचकहो, मासे धरण्याच्या गोष्टी निघाल्या की माणसे हात लांबवून दाखवतात. एवढा रोहू, तेवढी मरळ! मी आज तुम्हाला नुसते बोट दाखवणार आहे. माझी मासोळी बोटाएवढी, कधी त्याच्याही निम्मी. पण तिला धरण्यात जी मजा आहे, ती पाच किलोच्या कटल्यात नाही.

आमचे प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. महाशिवरात्रीच्या यात्रेला तुमच्यापैकी कितीतरी जण येऊन गेले असतील. हा सारा मुलूख तलावांचा. जवळचा नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. गावोगावचे लहान तलावही जुन्या लोकांनी धानाला पाणी मिळावे म्हणून बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. नाव मात्र मालगुजारी तलाव हेच राहिले.

या मासेमारीला खर्च काही नाही. बांबूची बारीक काडी, पातळ दोरा, बाजारात मिळेल ती सर्वांत लहान गरी. धुऱ्यावरच्या वाळक्या तुराटीचा पेराएवढा तुकडा दोऱ्याला बांधला की तो पाण्यावर तरंगतो. गांडुळाचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाच लावायचा. मोठा लावला तर मासोळी कुरतडून नेते आणि आपण बसतो पहात! गांडूळ नको असेल तर शिजल्या भाताचे एक शीतही चालते.

पाऊस सरून पाणी निवळले, धान लोंबीवर आला, की जागा पहावी. तुडुमाजवळ जिथे पाणी हळू वाहते, किंवा पाळीच्या कडेला पाणवनस्पतींची सावली असते, तिथे बसावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. तुराटी आधी थरथरते, मग तिरपी होते. माझा नातू तेवढ्यात ओरडतो, "आबाजी, बुडालं जी!" आणि मासोळी पळते. पण तोही आता शिकला आहे. मनगट जरासे उचलले की पुरे, झटका द्यायचा नाही.

हातात येते ते काय सांगावे! एक चांदीसारखी, शेपटीजवळ काळा ठिपका. दुसरी काचेसारखी आरपार, आतला काटा दिसणारी. तिसरीच्या अंगावरून डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ. एकाच तलावात इतके प्रकार असतात, हे गरी टाकल्याशिवाय कळत नाही. जपानात तानागो नावाच्या इवल्याशा माशासाठी लोक खास नाजूक गरी वापरतात, आणि जितका लहान मासा सापडेल तितके कौतुक करतात. तेव्हा हा छंद काही आपल्याच गावाचा नाही.

घरी आणल्यावर पोट दाबून साफ करावे, मिठाने चोळून धुवावे, जवसाच्या तेलात फोडणी देऊन चिंचेच्या रश्श्यात शिजवावे. भाताबरोबर काट्यासकट खाता येते. मायबहिणींनो, हे लक्षात घ्या. मोठ्या माशाचा काटा आपण फेकतो. बारीक मासोळी सगळीच पोटात जाते, म्हणून तिच्यातला चुना मुलांच्या हाडांना मिळतो.

आता थोडे काळजीचे. तलावात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्याआधी मोहाची पेंड टाकून जुने मासे मारण्याची रीत आहे. त्यात ही बारीक मासोळी निरुपयोगी म्हणून मरते. धानावर मारलेले औषध बांधीतून तलावात उतरते. गवत खाणारे परदेशी मासे पाणवनस्पती फस्त करतात. बेशरम पाण्यात पसरते, मग मासोळीला अंडी घालायला जागा राहत नाही. आपल्या तालुक्यात ढीवर बंधुभगिनींनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर काही तलावांतली बेशरम उपटली, जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. रोहूकटल्याचे उत्पन्न हवेच. सोसायटीचे संसार त्यावर चालतात. पण गरिबाच्या ताटातली फुकटची मासोळी संपली, तर तो तोटा कोणत्या वहीत लिहायचा?

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. पहिल्या पावसात पाण्याच्या उलट चढणारी मासोळी अंड्याने भरलेली असते. तेवढे दिवस तिला जाऊ द्या. औषध मारले की बांधीचे पाणी लगेच तलावाकडे सोडू नका. आणि गरी टाकण्यापूर्वी तलाव ज्या सोसायटीकडे आहे तिला विचारा; राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर काडी घेऊन जाऊच नका.

एवढे सांभाळले की मग एखाद्या रविवारी लेकराला बरोबर घ्या. कालवणापुरती मासोळी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर तलावात ती उरली आहे की नाही, एवढे तरी तुम्हाला कळेल.